आठ टीबीसाठी बत्तीस टीबी

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या साउथ स्ट्रीटवर एक लांबलचक इमारत आहे. आज ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे, पण एकेकाळी तिथे डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे इंजिनिअर साठवणुकीची यंत्रं घडवत. 1994 मध्ये डिजिटलने तो धंदा क्वांटमला विकला, 2001 मध्ये क्वांटमच्या डिस्क मॅक्सटरकडे गेल्या आणि 2006 मध्ये मॅक्सटरच सीगेटच्या पोटात गेली. डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांचंच आयुष्य इतकं बेभरवशाचं, तिथे डिस्कच्या आयुष्याबद्दल काय बोलणार!

त्या इमारतीपासून थोड्या अंतरावर आमचे एक मित्र राहतात. त्यांनी चार खणांचा छोटा सर्व्हर आणला, सोबत आठ-आठ टीबीच्या चार डिस्क. ठेवायचं होतं ते घरचंच: मुलांचे फोटो, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची फाइल, वडिलांच्या आवाजातल्या जुन्या टेप्सच्या फाइली, करांची कागदपत्रं. सगळं मिळून तीन टीबीच्या आसपास. बेसमेंटमध्ये उतरताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "यातून जास्तीत जास्त जागा कशी काढायची?"

बहुतेकांची आखणी इथेच फसते. जागेचं गणित सोपं असतं, म्हणून माणूस तेच आधी मांडतो. चार डिस्क नुसत्या एकापुढे एक जोडल्या तर बत्तीस टीबी, रेड फाइव्ह या रचनेत चोवीस, रेड सिक्समध्ये सोळा, जोड्यांचे दोन मिरर केले, म्हणजे प्रत्येक जोडीत दोन्हीकडे तेच लिहिलं, तरी सोळाच. कागदावर चोवीसचा आकडा मोहात पाडतो.

रेडची कल्पना 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी मांडली. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक घ्या आणि त्यातली एखादी मरणार हे गृहीत धरूनच चाला, असा तिचा रोख. रेड फाइव्हमध्ये पॅरिटी चालते ती वाण्याच्या बिलासारखी. तीन रकमा आणि खाली बेरीज. एक रक्कम पुसली गेली तर उरलेल्या दोन आणि बेरजेवरून ती काढता येते. दोन पुसल्या तर बिल गेलं. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांचं एक्सॉर होतं आणि पॅरिटी एकाच डिस्कवर न राहता चारही डिस्कवर विखुरलेली असते, एवढाच फरक.

पण एक डिस्क गेल्यावर पुढचे काही तास काय होतं, ते पाहायला हवं. नवी डिस्क भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे चोवीस टीबी. सेकंदाला दीडशे एमबीचा वेग धरला तरी आठ टीबीची डिस्क भरायला पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ घरात कसलंच संरक्षण नसतं. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे न वाचता येण्याची एखादी चूक मान्य केलेली असते. हे साडेबारा टीबी झाले. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात. तरी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क म्हाताऱ्याही साधारण एकदमच होतात. रेड सिक्स कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तगतं. दोन मिररमध्ये पहिली डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्हींपैकी फक्त तिची जोडीदार घातक ठरते, आणि पुन्हा भरताना वाचावी लागते तीही एकटी जोडीदारच.

हे मी सांगत असताना वहिनी चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी विचारलं, "आणि माझ्याच हातून एखादा फोल्डर उडाला तर?"

खरा प्रश्न हाच होता. मिरर आज्ञाधारक असतो: उडवलेली फाइल तो दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने उडवतो. पाणी शिरलं, चोरी झाली, वीज कोसळली तर चारही डिस्क एकाच पेटीत असतात. डिसेंबर 2008 च्या बर्फाच्या वादळात या भागातल्या किती घरांत कित्येक दिवस वीज नव्हती, ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. वीज जाताच यंत्र नीट बंद व्हावं म्हणून छोटा यूपीएस तर हवाच.

मग आखणी बदलली. झेडएफएस ही फाइल सिस्टिम घेतली आणि पेटीत दोनच डिस्कचा एक मिरर केला. रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे वहिनींचा फोल्डर कालच्या तारखेतून परत येईल. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे प्रत्येक तुकडा वाचून चेकसमशी ताडून पाहणं. तिसरी डिस्क एन्क्रिप्ट करून पुण्याला मित्रांच्या दादांच्या कपाटात जाणार, दर भारतवारीत ताजी होणार. चौथी दोन गावांमधल्या तळ्यापलीकडे वुस्टरमध्ये माझ्याकडे. दोन खण रिकामे.

"बत्तीस टीबी विकत घेऊन वापरायला आठ?" मित्रांचा चेहरा बघण्यासारखा होता. तेही पूर्ण आठ नाहीत. संगणक 1024 च्या पटीत मोजतो, त्यामुळे दिसतात 7.28, आणि झेडएफएसला त्यातला पाचवा हिस्सा मोकळा ठेवलेला आवडतो. तरी तीन टीबीच्या घराला वर्षानुवर्षं पुरेल. जागा कमी पडली तर रिकाम्या खणांत आणखी एक जोडी बसते.

उरलं हातकाम. प्रत्येक ट्रेच्या तोंडावर त्यातल्या डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवले आणि झेडएफएसचा पूल, म्हणजे डिस्कचा सामायिक साठा, बांधताना तेच नंबर दिले. एसडीए, एसडीबी ही यंत्राने डिस्कना दिलेली नावं ते पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. मरायला टेकलेली समजून धडधाकट डिस्क ओढून काढणारे महाभाग कमी नाहीत. डेटा चढवण्याआधी प्रत्येक डिस्कवर टोकापासून टोकापर्यंत लिहून वाचून पाहिलं; याला दिवसाहून जास्त वेळ जातो आणि कंटाळा येतो, पण नवी डिस्क मरायची असेल तर रिकामी असतानाच मरू दे. शेवटी चालू यंत्रातून एक ट्रे ओढला. पडद्यावर डिग्रेडेड असं आलं, वर चालू असलेला व्हिडिओ मात्र अडखळला नाही. ट्रे परत बसवल्यावर मधल्या वेळात बदललेलं तेवढंच झेडएफएसने भरून घेतलं.

घरी असली पेटी असणाऱ्यांना एकच विनंती: या रविवारी बॅकअपच्या डिस्कवरून एखादा जुना फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला नाही, तर आणखी डिस्क घेण्याआधी तो बॅकअप नीट करा.