माझगावचं चिनी नवं वर्ष

मैत्रिणींनो, चायनीजची गाडी आता आमच्या शहाद्यालाही नवी नाही. पुरुषोत्तमनगरहून बाजाराला गेलं, की मुलं मंचुरियनचा हट्ट धरतातच. पण मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी चिनी वंशाची माणसं आहेत, त्यांचेही सणवार असतात, हे कुठे आपल्याला ठाऊक असतं? मलाही ते कळलं माझगावच्या नणंदेमुळे.

तिथे डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच १९१९ सालचं एक दुमजली चिनी देऊळ आहे. दक्षिण चीनमधल्या कँटनकडून आलेल्या खलाशांचा तो आधार होता. वरच्या मजल्यावर न्यायाचा देव क्वान कुंग आणि खाली करुणेची देवी क्वान यिन. ही देवी मूळची आपल्याकडचीच बरं का! अजिंठ्याचा, हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आठवतो ना? तोच अवलोकितेश्वर बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला आणि तिथे हळूहळू देवी झाला. मूलबाळ व्हावं म्हणून बायका तिलाच साकडं घालतात.

त्यांचं नवं वर्ष येतं जानेवारी-फेब्रुवारीतल्या अमावस्येला. २०२६ साली ते १७ फेब्रुवारीला होतं. आधी घराची झाडलोट करायची. पहिल्या दिवशी मात्र केरसुणीला हात लावायचा नाही, नाहीतर लक्ष्मी केराबरोबर बाहेर जाते! आदल्या रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं. थोरांनी लहानांना लाल पाकिटातून पैसे द्यायचे. देवळात लाल कंदील लागतात, उदबत्त्या दरवळतात. शरदातला चंद्राचा सणही तसाच आपल्या ओळखीचा. २०२५ साली तो ६ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका आपल्या कोजागरीलाच आला होता. आपलं मसाला दूध, त्यांचे गोड सारणाचे मूनकेक. चंद्र तोच!

पण या सणांमागे एक दुखरी आठवण आहे. १९६२ साली युद्ध पेटलं आणि नुसत्या चेहऱ्यावरून माणसं परकी ठरली. देशातल्या, विशेषतः आसाम-दार्जिलिंगकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात बायका होत्या, लेकरंही होती. पुढे कित्येक कुटुंबं देश सोडून गेली. मुंबईतली वस्तीही विरळ झाली.

आमच्या सातपुड्यातला मजूर कामासाठी गुजरातेत कुठेही गेलेला असो, होळीला घर गाठतोच. माझगावच्या या माणसांनी सणाला जायचं कुठे? पणजोबांचं गाव त्यांनी पाहिलेलंही नसतं. त्यांचं गाव म्हणजे मुंबईच. म्हणून तर उरलेली घरं त्या रात्री देवळात जमतात, एकमेकांची चौकशी करतात. सण आपण देवासाठी करतो म्हणतो, पण खरं तर तो आपली माणसं धरून ठेवण्यासाठीच असतो, नाही का?

आपल्याही गल्लीत परगावचं, परभाषेचं एखादं बिऱ्हाड असेलच. त्यांचा सण कधी असतो, एवढं तरी यंदा विचारू या. आणि जमलं तर फराळाचं ताट घेऊनच जाऊ या!