‘कळलं का?’ विचारून भागत नाही, डॉक्टर!

एमबीबीएस झालं, गळ्यात स्टेथोस्कोप आला आणि पोस्टिंग मिळालं डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात. इथे पहिला पेपर असतो बोलण्याचा! समोरची आजी वारली बोलते, तिच्यामागचे काका गुजराती मिसळून बोलतात. आणि आपलं मराठी? पुस्तकी, त्यातही निम्मं इंग्रजी.

‘गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर,’ असं सांगून आपण मोकळे होतो. पण पेशंट दोनदाच जेवत असेल तर? तिसरी गोळी राहूनच जाते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्याला ‘महिन्याने दाखवायला या’ सांगितलं, तर तो तेव्हा गावात असेल का? विचारल्याशिवाय कसं कळणार? शेवटी ‘कळलं का?’ म्हटलं की सगळेच मान डोलावतात. डॉक्टरला ‘नाही’ कसं म्हणायचं!

२०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचे धडे आलेत. पण खरा सराव ओपीडीतच होतो. त्यासाठी सोपी युक्ती आहे ‘टीच-बॅक’ची: ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं.’ उत्तर चुकलं तर आपलं सांगणं कमी पडलं असं समजायचं आणि पुन्हा सांगायचं. भाषा अडली तर सिस्टर किंवा आशाताईंना हाक मारायची.

यात मिनिटभर जास्त जातं, एवढंच. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर आजार उलटतो. तिथे हे एक मिनिट जीव वाचवू शकतं.