ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

जुलैतल्या रविवारी ताम्हिणी उतरून विळ्याकडे गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. गाडी कडेला घेतलेली, कारण नसताना बॉनेट उघडलेलं, पुढच्या चाकातून जळका वास येतोय आणि कुणीतरी प्यायच्या पाण्याची बाटली चाकावर रिकामी करतंय. फस्सकन वाफ येते. जमलेल्यांपैकी एकजण निदान करून टाकतो, "ब्रेक फेल झाला." बाकीचे माना डोलावतात.

अशा वेळी ब्रेकमध्ये बहुतेकदा काही तुटलेलं नसतं. तो फक्त भयंकर तापलेला असतो. आणि तापलेल्या ओतीव लोखंडाच्या डिस्कवर गार पाणी ओतणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय. डिस्क वेडीवाकडी होऊ शकते, तिला तडाही जाऊ शकतो, मग पुढे दर वेळी ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरतं. गाडी सपाटीवर घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा-पाऊण तास चहा प्या. डिस्क वाऱ्यानेच निवते.

ब्रेक गाडी थांबवतो हे खरं, पण ते काम तो वेगाची उष्णता करून करतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. हिशेब सोपा आहे. माणसांसकट १००० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली आणि सगळा वेग ब्रेकनेच धरला, तर तयार होणाऱ्या उष्णतेत साधारण १५ लिटर पाणी उकळायला येईल. म्हणजे आंघोळीची बादली भरून. ती सगळी उष्णता चार चाकांत, त्यातही पुढच्या दोनांत जास्त, मुरते. कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि पुढचे ब्रेकच मुख्य काम करतात. पुढचे पॅड आधी झिजतात ते यामुळेच.

आता "उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं" हे घ्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातला हा वारसा पौड रोडवर अजून जिवंत आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंधनच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतंच. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनचा आधारही गेला. त्याहून धाडसी लोक चावीच बंद करतात. तसं केलं की ब्रेकला जोर पुरवणाऱ्या बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते, मग पॅडल दगडासारखं होतं. वर स्टिअरिंगही जड होतं किंवा लॉक होऊन बसतं. पिरंगुटच्या छोट्या घाटात असलं काही खपून जातं, म्हणून सवय लागते. ताम्हिणी किंवा लवासाचा रस्ता ते खपवून घेत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम अजून खोटा ठरलेला नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनी 'डी'वर न राहता खालचा गिअर निवडावा. आणि ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरू नये. ठोस दाबावं, वेग कमी करावा, सोडून द्यावं. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

आता नावाचा घोळ. आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण बाजारातल्या नेहमीच्या बाटलीत तेल नसतंच. ते ग्लायकॉल वर्गातलं रसायन असतं आणि पाण्यात सहज मिसळतं. नावाला भुलून कुणी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर आतले रबरी सील फुगतात, आणि मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून पायपांपर्यंत सगळं उघडावं लागतं. हेच द्रव रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, तिथे मात्र लगेच भरपूर पाणी ओता. (चाकावर नको, इथे हवं!)

हे द्रव हवेतलं बाष्प शोषतं. वर्षभर शोषतं, आणि मुळशीच्या पावसाळ्यात बाष्पाला तोटा नाही. बाटलीवरच्या 'डॉट ३' आणि 'डॉट ४' या अमेरिकी मापांचा अर्थ इथे कळतो. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर उतरले तरी चालतात, असं ते माप सांगतं. घाटात पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पॅडलवर जातो, पॅडल तळाला टेकतं आणि गाडी चालतच राहते. तासाभराने सगळं निवलं की ब्रेक पुन्हा छान लागतो, मेकॅनिकला दोष सापडत नाही, आणि घरी परतल्यावर किस्सा भुताटकीचा होतो.

म्हणून "ऑइल कमी झालेलं नाही, मग कशाला बदलायचं?" हा प्रश्न चुकीचा आहे. ते संपत नाही, जुनं होतं. साधारण दोन वर्षांनी बदलावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कुठलं डॉट ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. उघडी पडलेली अर्धी बाटली "पुढच्या वेळी कामी येईल" म्हणून कपाटात ठेवू नका. याच्या उलट चूकही होते. पातळी थोडी खाली दिसली की काहीजण वर ओततात. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते, ते ठीक आहे. तेव्हा आधी पॅड बघा. झपाट्याने उतरली तर गळती आहे, मग भर घालू नका, गाडीच हलवू नका.

घरी काय करावं? चाक काढून पॅड बघणं, आणि हात बसला असेल तर पॅड बदलणं, हे घरी होऊ शकतं. पण इथला सगळ्यात महागडा गैरसमज ब्रेकबद्दल नाहीच, जॅकबद्दल आहे. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी लावण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालण्यासाठी नाही. मी एकदा बंगल्याच्या आवारात, आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेल्या मुरमावर, "दहा मिनिटांचं तर काम" म्हणून गाडी उचलली होती. जॅकचा पाय मातीत सावकाश रुतत गेला आणि गाडी एका बाजूला कलली. मी तेव्हा पाना आणायला दोन पावलं मागे गेलो होतो, एवढंच. काँक्रीटची जागा, जॅकस्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना दगड, हे नसेल तर काम सुरू करू नये. मागचं चाक उचलताना हॅण्डब्रेकवर विसंबू नका, तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो.

बाकीचं थोडक्यात. कॅलिपर सोडवला की रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पॅड एका बाजूचेच नव्हे, दोन्ही चाकांचे एकत्र बदला. चकाकी आलेले पॅड पॉलिश पेपरने घासले की नवे होत नाहीत. ३ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर संपले समजा. ब्रेकची भुकटी फुंकर किंवा हवेचा फवारा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. आवाज येतो म्हणून डिस्कवर तेल किंवा ग्रीस तर मुळीच नको. आणि काम संपल्यावर गाडी सुरू करून निघण्याआधी, जागेवरच, पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. आत ढकललेले पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. फाटकाची मोडतोड अशीच होते. ऑइलची लाइन उघडायची असेल, एअर काढायची असेल, किंवा एबीएसचा दिवा लागला असेल, तर मात्र मेकॅनिककडेच जा.

पावसाळ्यातली एक भीती उगाचच आहे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. पाच-सहा वेळा ब्रेक लागला की तो निघून जातो. ज्याची भीती वाटायला हवी ते वेगळंच. पुण्याची मंडळी मुळशीच्या बंगल्यावर हॅण्डब्रेक घट्ट ओढून गाडी महिनाभर सोडून जातात, मागच्या ड्रम ब्रेकचे शू ओल्या ड्रमला धरून बसतात, आणि परत आल्यावर गाडी फरफटत निघते. सपाटीवर गिअरमध्ये लावून दगड लावला तर हॅण्डब्रेक सैल ठेवता येतो. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढलीत तर पुढच्या शंभर-दोनशे मीटरवर हलका ब्रेक दाबत जा, पॅड आणि शू वाळतात.

ताम्हिणीला निघालात की पौडला पाच मिनिटं थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. पुढची दोन मागच्यांपेक्षा थोडी गरम असणं ठीक आहे. पण एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त भगभगत असेल, तर तिथला ब्रेक चिकटलेला आहे. तसं असेल तर घाट उतरू नका. गाडी वळवा आणि ब्रेक दाखवून घ्या.