स्कॅन टूल गाडीला सुरक्षितपणे जोडणे

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाले. त्याचा सोळा पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतो. त्यातील १६ क्रमांकाची पिन फ्यूजमार्गे थेट बॅटरीशी जोडलेली असते. चावी बंद असली तरी तिच्यावर सुमारे १२ व्होल्ट असतात. ४ आणि ५ या ग्राउंडच्या पिना. म्हणून सॉकेटमध्ये तार घालून चाचपडू नका. १६ आणि ४ एकमेकींना टेकल्या की फ्यूज उडतो. काही गाड्यांत तोच फ्यूज लायटर सॉकेटचाही असतो. टूल सुरूच होत नसेल तर आधी तो पाहा.

चावी बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मगच प्लग सरळ दाबा. नंतर चावी ऑन करा. कोड वाचायला इंजिन चालू लागत नाही. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये सॉकेटची खाच मधोमध तुटलेली असते, त्यामुळे १२ व्होल्टचा प्लग बसत नाही. तिथे जोर लावू नका.

आमच्या म्हैसूरच्या प्रयोगशाळेत मुले कोड दिसताच पुसायला धावतात. आधी तो वहीत लिहा. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणी नोंदलेले इंजिनचे तापमान आणि वेगही पुसले जातात.