काझीरंगाचा गेंडा आणि पूर

गेंडा आपल्या महाराष्ट्राच्या रानात नाही. तो रानात बघायचा तर आसामात काझीरंगा राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी जावे लागते. माझे मामा फौजेत आहेत. त्यांची बदली तिकडे झाली, म्हणून आम्हांला दिवाळीच्या सुट्टीत जायला मिळाले. पावसाळ्यात उद्यान बंद असते.

आत जीपमधून फिरायचे, खाली उतरायचे नाही. गवत एवढे उंच की त्यात हत्तीसुद्धा लपेल. पहिला गेंडा दिसला तेव्हा मला तो काळा दगडच वाटला. मग दगडाचा कान हलला! त्याच्या कातडीला जाड घड्या असतात, चिलखत घातल्यासारख्या. नाकावर एकच शिंग. ते हाडाचे नसते बरं का, आपली नखे ज्याची असतात त्याचेच असते. तरी त्यात औषध आहे असे समजून लोक चोरून गेंडे मारतात. २०२१ साली आसाम सरकारने साठवलेली सुमारे अडीच हजार शिंगे जाळून टाकली. मला हे लई आवडले. नखं जाळली, त्यात काय गेलं?

उद्यानाच्या उत्तरेला ब्रह्मपुत्रा नदी आहे. पावसाळ्यात तिचे पाणी आत शिरते. मी मामांना विचारले, मग बांध का घालत नाहीत? मामा म्हणाले, पूर आला नाही तर गेंडा खाईल काय? पुराने नवा गाळ येतो, तळी भरतात, जलपर्णी वाहून जाते आणि पाणी ओसरले की कोवळे गवत फुटते.

पण पूर मोठा आला तर जनावरे बुडतात. २०२४ साली दोनशेच्या वर मेली, त्यात हरणे जास्त. आमच्याकडे पूर आला की गुरे सोडून माळावर नेतात. तिकडची जनावरे आपली आपणच दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे निघतात. मधे मोठा हमरस्ता आहे, त्यावर ट्रक धावतात. म्हणून पुराच्या दिवसांत तिथे गाड्या हळू चालवायला लावतात.

१९०८ साली हे जंगल राखीव झाले तेव्हा गेंडे अगदी थोडे उरले होते. २०२२ च्या मोजणीत २६१३ भरले.

वनखात्याने आत मातीच्या उंच टेकड्याही केल्या आहेत, पुरात जनावरांना उभे राहायला. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हते. एका टेकडीवर कोणीच नव्हते, नुसते वाळलेले शेण पडले होते.