पडीक म्हणजे कोणाची?

वनस्पती तेलावर इंजिन चालवणे ही काही आजची करामत नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. आज तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवतात, ग्लिसरीन खाली बसते आणि वर राहते ते बायोडिझेल. खनिज तेल बाहेरून आणणाऱ्या देशाने असा पर्याय शोधला तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की हे तेल पिकवायचे कोणाच्या जमिनीवर?

नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली त्याचे उत्तर देऊन टाकले. पडीक जमिनीवर! मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा, सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचा, असा तो हिशेब होता. खडकाळ माळावर, पाण्याविना, खताविना पीक येईल असे सांगितले गेले. झाड जगले, पण बी धरेना. बी हवे तर पाणी द्या, खत द्या. मग ती जमीन पडीक कसली? २० टक्क्यांचे स्वप्न तिथेच विरले. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षातले मिश्रण अजून एका टक्क्याच्याही खाली आहे.

योजना फसली म्हणून आपण सुटलो, असे मात्र समजू नका. कागदावर ज्या जमिनीला पडीक म्हणतात तिच्यात गायरान येते. मराठवाड्यात याच गायरानावर आपल्या माणसांनी दगड वेचून बाजरी, तूर पिकवली आहे. ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्याच्या दोन शेळ्या तिथेच चरतात. मोगली एरंडाला जनावर तोंड लावत नाही, त्याची पेंडही विषारी. म्हणजे गवत गेले आणि पालाही कामाचा नाही. ज्यांचे बांध पक्के आहेत त्यांच्या बागायतीवर एरंड लावा, असे कोणत्याही समितीला सुचले नाही!

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्यांच्या रेट्यामुळेच पुढे १९९१ चा शासन निर्णय झाला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. किती जणांचा सातबारा झाला? तालुक्याला विचारून पाहा.

२०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. तो निकाल दाखवून तहसीलदार नोटिसा काढतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानाचा विषय हाती घेतल्यावर तर नोटिसांचा पाऊसच पडला. पण त्याच निकालात अपवादही आहे. शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा मिळाला असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. नोटीस देणारा ही ओळ वाचून दाखवत नाही. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनीही ती वाचलेली नसते, हे कबूल केले पाहिजे.

बायोडिझेल हवे असेल तर हॉटेलांच्या कढईत उरलेले तेल गोळा करा. २०१८ पासून तसे प्रयत्न सुरू आहेत, आणि त्याला कोणाची एक गुंठाही जमीन लागत नाही. पण जमिनीवरची नजर हटलेली नाही. एरंड गेला, आता सौर पॅनेल आले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने दिली जात आहेत. वीज शेतकऱ्याला दिवसा मिळावी, हे बरोबरच आहे. मात्र मोजणीवाले येतील तेव्हा कसणाऱ्याच्या हातात काय असेल?

म्हणून तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल काढा. अतिक्रमणाची नोंद त्यात असते, कोणत्या सालापासून तेही त्यात सापडते. आजोबांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात कुठे असतील त्या शोधा. जुना पंचनामा, पीकपाहणी, काहीही चालेल. ग्रामसभेत ठराव येण्याच्या आधी हे कागद जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. ठराव झाल्यावर माझ्याकडे येणारे बरेच असतात, आणि तोवर खांब रोवून झालेले असतात.