वाघ मोजताना तयार झालेला रानाचा नकाशा

व्याघ्रगणनेच्या सहाव्या फेरीच्या बातम्या सुरू झाल्या की सगळ्यांचे डोळे एका आकड्याकडे लागतात. २०२२ मध्ये सरासरी ३,६८२ होते, आता किती? तो आकडा यायचा तेव्हा येईलच. याच गणनेतल्या ज्या नोंदींवर मला लिहायचं आहे, त्यांत वाघ नाही, झाडंझुडपं आहेत.

बीटवरचा वनरक्षक ठरलेल्या रेषेवरून चालत चितळ-सांबर मोजतो. त्याच रेषेवर दर ४०० मीटरला थांबून तो भोवतालच्या साधारण १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळातली झुडपं बघतो. घाणेरी आहे का? रानमोडी आहे का? विरळ की दाट? घाणेरी ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. पान चुरगळलं की उग्र वास येतो आणि आत शिरताना खोडावरचे वाकडे काटे पोटऱ्या ओरबाडतात. त्या जाळीतून वाट काढणारा माणूस तिची नोंद विसरणं शक्य नाही. म्हणूनच माझा या नोंदींवर विश्वास आहे.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी या नोंदींचं मोल ओळखलं. २० राज्यांतलं सुमारे ३.५८ लाख चौरस किलोमीटर रान आणि दीड लाखांहून अधिक ठिकाणं, एवढा ऐवज घेऊन त्यांनी ११ उपद्रवी परदेशी वनस्पतींचा देशव्यापी नकाशा काढला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या नैसर्गिक भूभागापैकी २२ टक्के भागात या वनस्पतींनी बस्तान बसवलं आहे आणि ६६ टक्के भाग त्यांच्या टप्प्यात येऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझ्या मते वाघांच्या आकड्याइतकीच ही पहिल्या पानाची बातमी होती.

यातली प्रत्येक वनस्पती आपापली जागा धरून असते. वेडी बाभूळ कोरड्या, खारट जमिनीवर फोफावते. कच्छमधलं बन्नीचं गवताळ रान तिने गिळलं. रानमोडीला सह्याद्रीचा आणि ईशान्येचा ओलावा मानवतो. घाणेरी मात्र तोडीने, चराईने, वणव्याने विरळ झालेलं जंगल हेरते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप आज कुठे कुठे आहे, हे बघितलं की आपण जंगल कुठे कुठे मोडलं तेही दिसतं.

आपल्याकडचं गाजर गवत घ्या. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध केली. आज ते नाही असा जिल्हा शोधावा लागेल. ते मधल्या काळात कुठल्या वर्षी कुठे पोचलं, याचा सलग नकाशा हाताशी असता तर त्याला कुठे अडवायचं हेही कळलं असतं.

पण परदेशी वनस्पती शोधून काढल्या म्हणजे काम संपलं, असं नाही. देशी वनस्पतींचं काय? गणनेचं मैदानी काम साधारण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होतं. घाणेरी तेव्हाही उभी असते. सोनकी, तेरडा, सड्यावरची इवली कीटकभक्षी रोपं तोवर वाळून मातीत गेलेली असतात. शिवाय गणनेची रेषा जंगलातून जाते. कोकणातले खासगी मालकीचे सडे, सोलापूर-नगरकडचे माळ तिच्या वाटेत येतच नाहीत. नकाशावर अशी जागा कोरी दिसली की ‘इथे काही नाही’ असं वाचलं जातं आणि मग तिथे खाण, सौर प्रकल्प किंवा ‘वनीकरण’ करायला कुणाची हरकत उरत नाही. खरं तर तिथे कुणी गेलेलंच नसतं.

ब्रिटन आणि आयर्लंडने १९६२ मध्ये १० किलोमीटरचे चौकोन आखून पहिला वनस्पती-नकाशासंग्रह काढला. त्याची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तीही मुख्यतः हौशी अभ्यासकांच्या पायपिटीवर. ब्रिटनमधल्या निम्म्याहून अधिक देशी वनस्पतींची पीछेहाट झाली आहे, हे ते पुराव्यानिशी सांगू शकतात. आपल्याकडे थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची ‘फ्लोरा’ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाली, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे खंड काढले. ग्रंथ उत्तम आहेत. पण अमुक वनस्पती सातारा जिल्ह्यात आहे एवढ्यावर तिचं रक्षण करता येत नाही. कुठल्या पठाराच्या कुठल्या टोकाला आहे, हे लागतं.

वनरक्षक आहेत, रेषा आखलेल्या आहेत, नोंदीची पद्धत बसलेली आहे. वनखात्याने याच रेषांवर भाद्रपदात एक फेरी काढावी, निदान सह्याद्रीत तरी. माळ आणि सड्यांसाठी महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग सोबत घ्यावेत. आणि जमा झालेल्या नोंदी, दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा वगळून, सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात.